पहिल्या पानावरचे नाव

कॉम्प्युटरच्या पडद्यावर लाल ओळ उमटली तेव्हा कोराच्या तोंडात अक्रोडाच्या रोलचा घास होता. अर्ज जायच्या दिवशी ज्याचा अर्ज त्याने माझ्यासाठी घरी केलेला अक्रोडाचा रोल आणायचा, ही ब्रॅडिश कॉलेजातली रीत मीच पाडलेली. बावीस वर्षांत ती कुणी मोडली नाही. तत्त्वज्ञानाच्या प्रोफेसरांनी एकदा दुकानातला विकतचा रोल आणला होता, तो मी परत पाठवला. खरे तर मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती आणि त्या दिवशी गुरुवार होता, सकाळचे दहा वाजत होते. पण अर्ज मुदतीच्या आदल्या दिवशी गेलाच पाहिजे, हाही माझाच नियम.

"हे लाल कशाला आलंय, मिस व्हर्ना?" कोराने विचारले.

मी चष्मा सारखा करून वाचले. 'संस्थेची नोंदणी चालू नाही.' पुन्हा वाचले. चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचले. पुसल्याने काही बदलले नाही.

सरकारी अनुदान मागायचे तर कॉलेजची सरकारदरबारी नोंदणी लागते आणि ती दरवर्षी नवी करावी लागते. प्रोफेसर कितीही विद्वान असो, त्याला स्वतःचा अर्ज स्वतः पाठवता येत नाही. तो कॉलेजने पाठवायचा असतो, आणि आमच्याकडे कॉलेजने म्हणजे मी. जुन्या व्यायामशाळेच्या तळघरात, बॉयलरच्या भिंतीला लागून माझे ऑफिस होते. पैसे कोण देतोय ते शोधायचे, ते प्रोफेसरांच्या गळी उतरवायचे, त्यांना मागायला शिकवायचे आणि शेवटी बटण दाबायचे, हे माझे काम. मला कॉलेजची पदवी नाही. पण काचेला तडे का जातात, जुन्या स्लोव्हाक भजनांच्या वह्यांना वाळवी कशी लागते, हे सगळे मी वाचलेले आहे, कारण त्यांचे अर्ज माझ्याशिवाय दुसरे कुणी शेवटपर्यंत वाचतच नसे. लोक मला घाबरून असत. दहा पाने म्हणजे दहा पाने, आणि समास इंचभर म्हणजे इंचभर. अकराव्या पानावर एक ओळ सांडली तरी मी अर्ज तोंडावर फेकायची.

आणि या व्हर्ना सॅडलिकच्या नाकाखाली कॉलेजची नोंदणी एकोणीस दिवसांपूर्वी संपली होती.

कसे झाले ते कळायला मला दोन मिनिटेही लागली नाहीत. नोंदणी संपत आल्याच्या सूचना हिशेब खात्यातल्या क्लाइड बर्गीला जायच्या. क्लाइडला मे महिन्यात कमी केले. त्याच्या निरोपाच्या दिवशी तो केकची बशी हातात घेऊन माझ्याकडे आला होता आणि म्हणाला होता, "व्हर्ना, दोन गोष्टी माझ्या नावावर आहेत, त्या तुझ्या नावावर करून घे, नाहीतर बोंबलशील." पहिली मी त्याच दुपारी करून घेतली. दुसरीला पासवर्ड लागत होता, तो उद्या विचारू म्हटले. उद्या क्लाइड नव्हता, आणि त्याच्या घरी फोन करायची मला लाज वाटली. नोकरी गेलेल्या माणसाला पासवर्ड काय विचारायचा, असे वाटले. मग जून आला, आणि मी विसरले. त्या सूचना क्लाइडच्या बंद पडलेल्या ई-मेल पेटीत एकामागून एक पडत राहिल्या असतील.

मदतीच्या फोनवर एक मुलगी होती. आवाज गोड, वागणे अदबीचे. नूतनीकरणाला दहा ते बारा कामाचे दिवस लागतात म्हणाली. मी म्हटले, उद्या पाच वाजता मुदत आहे. तिला फार वाईट वाटले, तसे तिने सांगितलेही, आणि मला एक तक्रार क्रमांक दिला. मी तो लिहून घेतला. दुसरे काय करणार होते मी? मग अनुदान देणाऱ्या खात्याला फोन केला. तिथल्या गृहस्थांनी सांगितले की मुदत फक्त पूर किंवा वादळ आले तरच वाढते. आमच्याकडे वादळ आले नव्हते. मी त्यांच्या खूप नाकदुऱ्या काढल्या, बावीस वर्षांत एकदाही उशीर केला नाही हे दोनदा सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि शुभेच्छा देऊन फोन ठेवला.

एवढा वेळ कोरा समोरच्या खुर्चीत बसून होती. कोरा व्हिटलॉक, जीवशास्त्र शिकवायची, वय एक्केचाळीस. वेस्ट व्हर्जिनियातल्या खाणीच्या गावातली, म्हणून तिकडच्या रीतीने मला अजून 'मिस व्हर्ना' म्हणते. इथे माझ्या वयाच्या बाईला तसे कुणी म्हणत नाही. हे तिचे तिसरे कॉलेज. आधीची दोन्ही नोकऱ्या कपातीत गेल्या, आणि चाळिशीनंतर चौथ्या ठिकाणी कुणी उभे करत नाही हे ती जाणून होती. सहा उन्हाळे ती आमच्या कॅटरल नदीत पालथी पडून एकेका तुकड्यातले शिंपले मोजत होती. आमच्या गावाबाहेर जुन्या कागद गिरणीचे धरण आहे, ते पुढच्या ऑगस्टमध्ये पाडायचे ठरले होते. धरण पडल्यावर नदी बदलते तेव्हा तिच्या तळाशी राहणाऱ्या शिंपल्यांचे काय होते, हे कुणी नीट मोजलेले नाही. कोराला ते मोजायचे होते. पाडण्याआधी एकदा, सगळी नदी, दोन्ही काठ, आणि पाडल्यानंतर चार वर्षे. त्यासाठी माणसे आणि पैसे हवे होते.

शिवाय डीनने सप्टेंबरमध्ये सगळ्यांना सांगून ठेवले होते. कॉलेजला चार जागा कमी करायच्या आहेत. कायम व्हायचे असेल तर या शुक्रवारपर्यंत सरकारी अनुदानाचा अर्ज गेलेला दिसला पाहिजे. पैसे मिळोत न मिळोत, निदान अर्ज हवा.

"म्हणजे जाणारच नाही?" कोराने विचारले.

"आपल्याकडून नाही."

ती उठली नाही, ओरडली नाही. खाली बघत म्हणाली, "सहा वर्षं तुमच्या तपासणीच्या याद्या भरल्या मी. एकदा आठव्या पानावर समास थोडा कमी झाला तर तुम्ही मला लहान पोरीसारखं उभं केलंत. रविवारी बोलावून दुरुस्त करून घेतलंत. मी ऐकलं, कारण मला वाटायचं, ही बाई काही विसरत नाही."

चूक झाली, एवढे म्हणायला तोंड उघडले, पण ते फार थोडे वाटले. ती रोलचा डबा टेबलावरच ठेवून निघून गेली.

दुपारी मी गर्टला फोन केला. गर्ट मॅन्कुसो इथून पन्नास मैलांवर राज्य विद्यापीठात माझेच काम करते, फक्त तिच्या हाताखाली नऊ माणसे आहेत आणि ऑफिसला खिडक्या आहेत. वीस वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात आम्ही मागच्या रांगेत शेजारी बसून व्याख्यात्याची टिंगल केली होती, तेव्हापासूनची मैत्री. मी सगळे सांगितले. तिने मधे एकदाही थट्टा केली नाही, तेव्हा मला कळले की प्रकरण खरेच वाईट आहे.

"ऐक," गर्ट म्हणाली. "अर्ज आमच्याकडून पाठवू. आमचा कीलिंग शिंपलेवालाच आहे, त्याला मुख्य करू. तुझ्या कॉलेजचं नाव मात्र कुठेच येणार नाही. तुझ्या बाईला आम्ही रोजावर घेऊ, नदीत उतरायला."

"तिच्याच कामावर तिला रोजावर?"

"व्हर्ना, मी तुला चांगलं काही देत नाहीये. आहे ते देतेय."

तासाभरात तिचा परत फोन आला. कीलिंगने होकार दिला होता. तेव्हा तो मुलीच्या व्हॉलीबॉलच्या सामन्याला बसला होता, आणि त्याने एवढेच विचारले की पाने किती आहेत.

कोराला विचारायच्या आधी मी डीनला भेटायचे ठरवले. रात्रभर मनाशी घोकले होते. शुक्रवारी सकाळी नऊ वाजता मी लीलंड फारकासच्या समोर होते. माणूस वाईट नाही. कॉलेज बुडत असताना बादलीने पाणी उपसतोय, आणि आपली बादली भोकाची आहे हेही त्याला ठाऊक आहे. मी सगळे सांगितले, क्लाइडच्या केकसकट. मग जे घोकले होते ते म्हणाले.

"चूक माझी आहे. तुम्हाला चार जागा कमी करायच्यात ना? माझी घ्या. तिची राहू द्या."

लीलंडने चष्मा काढून टेबलावर ठेवला. खिडकीकडे बघितले, मग माझ्याकडे.

"तुमची जागा त्या चारांत आहेच, व्हर्ना. गेल्या जूनमध्येच ठरलं. मी नाताळ झाल्यावर सांगणार होतो."

मला त्या क्षणी नोकरी गेल्याचे दुःख झालेच नाही, ते नंतर झाले. मला लाज वाटली. रात्रभर मी स्वतःला मोठी त्यागी समजत होते, आणि सोडायला माझ्यापाशी काही नव्हतेच. रिकामी मूठ दाखवून मी सौदा करायला आले होते. मी खुर्चीचा हात घट्ट धरला आणि विचारले, मग तिचे काय?

त्यावर तो बराच वेळ बोलला. चूक ऑफिसची आहे, तिची नाही, हे विश्वस्तांसमोर मांडता येईल. तिला आणखी एक वर्ष मिळेल, त्याची खात्री तो देतो. पुढच्या नोव्हेंबरमध्ये दुसरा एखादा विषय घेऊन तिने अर्ज करावा. पण हाच अर्ज आज राज्य विद्यापीठाच्या नावाने गेला, तर त्याचे हात बांधले जातील. "सहा वर्षं आपल्या पगारावर केलेलं काम तिनं दुसऱ्यांना देऊन टाकलं, असंच विश्वस्त म्हणणार," तो म्हणाला. "आणि खोटं नसेल ते."

कोरा प्रयोगशाळेत होती. काचेच्या टाक्यांमध्ये पाणी बुडबुडत होते आणि ती एका टाकीतली वाळू चमच्याने सारखी करत होती. मी उभ्यानेच सगळे सांगितले. गर्टचे, कीलिंगचे, लीलंडचे. माझ्या जागेचे तेवढे सांगितले नाही. सांगितले असते तर ती माझ्यावर दया करायला लागली असती, आणि ते मला सोसवले नसते.

"वर्ष घे, बाळा," मी म्हटले. "वर्षभरात काहीही होतं. विषय शोधायला मी बसते तुझ्यासोबत."

हे मी तिच्यासाठी म्हणत होते, हे खरे. पण पुरते खरे नाही. तिची नोकरी राहिली तर माझी चूक तेवढी लहान होणार होती. ती अख्खी सकाळ मी तिच्या भल्याचा विचार करतेय असे स्वतःला सांगत होते आणि आत कुठेतरी फक्त सुटका मागत होते. आज कबूल करते.

"धरण वर्षभर थांबवतायत का?" कोराने विचारले.

"नाही."

"ऑगस्टलाच?"

"ऑगस्टलाच."

तिने चमचा धुतला, फडक्याला पुसला आणि जागेवर ठेवला. "मग वर्षभरात मी काय मोजू? आधी किती होते तेच माहीत नसेल, तर नंतर किती राहिले ते मोजून काय कळणार कुणाला?"

"तुला नोकरी तर हवी ना, कोरा. घरभाडं शिंपले देत नाहीत."

"माहितीय." ती पहिल्यांदाच चिडून बोलली. "मला माहितीय ते, मिस व्हर्ना. मी काल रात्री झोपलेच नाही, तुम्हाला काय वाटतं. मला माहितीय सगळं." मग ती टाकीपाशी तशीच उभी राहिली.

शेवटी ती म्हणाली, "कीलिंगचं नाव कुठे कुठे घालायचंय ते दाखवा."

सव्वीस ठिकाणी होते. सगळीकडे एकदम बदलायची सोय कॉम्प्युटरवर असते, मी ती सुचवली. कोरा नको म्हणाली. मागच्या संदर्भांच्या यादीत तिचे जुने लेख होते, तिथले नाव राहायला हवे होते. म्हणून आम्ही हाताने केले. माझ्या तळघरात, बॉयलरच्या घरघरीत, ती एकेक जागा शोधून तिथले 'व्हिटलॉक' खोडायची, 'कीलिंग' लिहायची आणि मी छापील प्रतीवर खूण करायची. पहिल्या पानाशी तिने थोडा वेळ घेतला. नाव खोडले, नवे लिहिले, मग त्याचा फोन नंबर, त्याचा पत्ता, त्याच्या विभागाचे नाव. शेवटच्या पानावर, रोजंदारीच्या तक्त्यात, खालून तिसऱ्या ओळीत, तिने आपले नाव घातले. हुद्द्याच्या रकान्यात काय लिहायचे ते तिला सुचेना. मी म्हटले, 'क्षेत्र साहाय्यक' लिही, गर्टने तसेच सांगितलेय. तिने लिहिले.

दोन वाजून गेल्यावर अर्ज गर्टकडे गेला. तिथून पुढे आमच्या हातात काही नव्हते. बावीस वर्षे बटण मी दाबत आले होते, आणि त्या दिवशी दुसरी कुणी ते दाबेपर्यंत वाट बघायची मला सवय नव्हती. कोरा बाकावर बसून राहिली. मी उगाच कपाटातल्या फायली सारख्या करत राहिले. कीलिंगची सही मिळेना म्हणून गर्टने एकदा तोंडचे पाणी पळवले. तो तास घेत होता आणि फोन बंद होता. तिने तिच्या नऊ माणसांपैकी एकाला वर्गात पाठवून सही आणवली. चार वाजून बेचाळीस मिनिटांनी तिचा निरोप आला की अर्ज गेला, पोच आली.

मी तो कोराला वाचून दाखवला. ती हसली नाही, रडलीही नाही. "समास बरोबर होते ना?" तिने विचारले.

"हो," मी म्हटले. आणि मग मीच रडले, अगदी मोठ्याने, वयाला न शोभेल असे. ती उठून माझ्याजवळ आली नाही. आली असती तर बरे झाले असते असे मला तेव्हा वाटले, आज वाटत नाही. ती तिथेच बसून राहिली, माझे आवरेपर्यंत थांबली, आणि मग कोट चढवून घरी गेली.

लीलंड म्हणाला होता तसेच झाले. विश्वस्तांनी फेब्रुवारीत चार नावे काढली. त्यात माझे होते, आणि कोराचेही. ती यादी दारावर लागली तेव्हा कोराला माझे कळले. तिने मला वाटेत गाठून एवढेच विचारले, "त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं?" मी हो म्हटले. एप्रिलमध्ये अनुदान मंजूर झाले. आमच्या गावच्या वर्तमानपत्रात कीलिंगचा फोटो आला, नदीकाठी उभा, हातात एक शिंपला. बातमीत लिहिले होते की हे काम किती दिवस अडून राहिले होते.

जूनमध्ये मी रिकामी झाले. घरी बसून पहिला आठवडा काढला, दुसरा काढवेना. कोराने फोन केला. विद्यापीठाची चार मुले येणार होती, त्यांतली दोन आलीच नाहीत, आणि पाण्यातून सांगितलेले आकडे काठावर कुणीतरी लिहून घ्यायला हवे होते. पैसे मिळणार नाहीत, असे ती म्हणाली. मी म्हटले, येते.

आता रोज सकाळी आठला आम्ही धरणाच्या खालच्या बाजूला असतो. ती काळा रबरी पोशाख घालून पाण्यात पालथी पडते, तोंडात श्वास घ्यायची नळी, आणि तळाला हात फिरवत पुढे सरकते. एक शिंपला काढते, डोके वर करून त्याची जात सांगते, लांबी सांगते, आणि तो होता त्याच बाजूने परत वाळूत रोवते. पाणी अजून गार आहे, अर्ध्या तासात तिचे ओठ निळे पडतात. मी घडीच्या खुर्चीत कागद अडकवायची पाटी मांडीवर घेऊन लिहिते. कोरे तक्ते विद्यापीठातून छापून आलेले आहेत. वर प्रमुख संशोधक म्हणून कीलिंगचे नाव छापलेलेच आहे. खाली एक छोटी चौकट असते, मोजणाऱ्याची आद्याक्षरे लिहायला.

त्या चौकटीत मी 'कोरा व्हिटलॉक' असे पूर्ण लिहिते. काल ती पाणी प्यायला काठावर आली तेव्हा तिने माझ्या खांद्यावरून वाकून ते पाहिले.

"नुसती अक्षरं पुरतात तिथे, मिस व्हर्ना," ती म्हणाली.

मी हो म्हटले, भरलेला तक्ता खाली ठेवला, नवा घेतला आणि त्यावर आधी तिचे नाव पुरते लिहिले. ती थोडी थांबली. मग नळी तोंडात धरून पुन्हा पाण्यात उतरली, आणि मी पुढचा आकडा ऐकायला कान दिला.